आमच्या इथी कूलर नाई

काल संध्याकाळी गल्लीत धुराची गाडी आली आणि मी सवयीप्रमाणे आधी गाडीच्या मागे कोण बसलंय ते पाहिलं, धूर नंतर पाहिला. आमच्या चंद्रपुरात श्रावण सरता सरता धूर, ढग आणि पाहुणा यांच्यावर एकदम विश्वास टाकू नये. पोळा तोंडावर आलाय. हवेत ओल अशी, की सकाळी वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी काढावा तर तो जास्तच जड लागतो. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर शर्टाला कोंब फुटले म्हटलं असतं.

आणि आज सकाळी ती पोरगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, खांद्यावर दवाखान्याची पिशवी. म्हणाली, "काका, कूलर दाखवता का? पाणी बघायचं आहे."

पाणी बघायचं आहे. चंद्रपुरात माणूस पाणी भरतो, पाणी लपवतो, पाण्यावरून सख्ख्या भावाशी अबोला धरतो. नुसतं बघायला कोण येतं? माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आमच्या इथी कूलर नाई."

मागच्या खोलीत कूलर घरघरत होता. तिनं ऐकलं. तिनं ऐकल्याचं मी पाहिलं. आम्ही दोघं एकमेकांकडे, बाजारात दोन गिऱ्हाइकं एकाच वांग्याकडे बघतात तसे बघत राहिलो.

पण ते वाक्य माझं नव्हतं. ते आमच्या शेजारच्या हमीदभाई टीनवाल्याचं. दोन हजार सालाच्या अलीकडच्या का पलीकडच्या एका पावसाळ्यात त्यानं ते पहिल्यांदा उच्चारलं, आणि मी भिंतीला टेकून ऐकलं. तो पावसाळा ओल्या टिनाच्या वासासकट परत माझ्या दारात येऊन उभा राहिला.

मी तेव्हा बसस्टँडच्या चौकशी खिडकीत नोकरीला. भोंगा बंद पडला, आणि तो रोज पडायचा, की साहेब म्हणत, "गजूभाऊ, तुमीच बोला आता." मी खिडकीतून "आलापल्लीऽऽ" म्हटलं की तिकडे आलापल्लीत लोक पिशव्या उचलून उभे राहत, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच, पण इतक्या वर्षांत कुणी खोडून काढलेलं नाही. जिवतीच्या घाटातून उतरणारी, एटापल्लीच्या चिखलातून येणारी, सिरोंच्याहून तेलुगू बोलत येणारी, प्रत्येक गाडी माझ्या डोळ्यांखालून जायची. आणि माझा एक सिद्धांत होता. चंद्रपुरात डास नाहीत. जे आहेत ते जंगलातून गाडीत बसून येतात. आलापल्लीच्या गाडीचं दार उघडलं की आधी डास उतरत, मग म्हाताऱ्या, मग बाकीचे. डासांनी कधी तिकीट काढलेलं मी पाहिलं नाही.

हा सिद्धांत सगळ्या गल्लीनं उचलून धरला. आपल्या घरात काही होत नाही, जे होतं ते बाहेरून येतं, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

कूलरचं सांगायला हवं. पुण्यामुंबईच्या माणसाला कूलर ही वस्तू वाटते. आमच्याकडे तो घरातला माणूस. मे महिन्यात आमच्या गावात कावळा पाय पोळू नयेत म्हणून चालत्या माणसाच्या डोक्यावर बसतो आणि माणूस त्याला हाकलत नाही, कारण त्याच्याखाली तेवढंच गार. अशा गावात कूलर पोरीच्या लग्नात देतात, भावांच्या वाटणीत त्याच्यावरून भांडतात. होळी झाली की हमीदभाईच्या दुकानातून ठण ठण सुरू व्हायचं. पत्रा कापायचा, वाकवायचा, सांध्यांना कथलाचा डाग द्यायचा, तळाला टाकी बसवायची, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या. पहिलं पाणी पडलं की ताट्यांतून असा वास यायचा की आख्खी गल्ली घरातली भांडणं अर्धी टाकून दारात यायची.

आणि पावसाळा लागला की कूलर बंद. पण टाकी भरलेलीच. कारण नळ एक दिवसाआड, तोही त्याच्या लहरीप्रमाणे. नळाला पाणी आलं की आम्ही रांजण भरायचो, ड्रम भरायचो, बादल्या भरायचो, आणि शेवटी कूलरची टाकी. धुण्याला होईल, संडासाला होईल. वर एक जुनी चादर टाकायची म्हणजे धूळ बसत नाही. स्वच्छ, गार, निवांत पाणी. बाहेर धो धो पाऊस आणि घरात आम्ही उंटासारखे पाणी साठवून बसलेले.

त्या वर्षी आषाढात माझ्या डोळ्यांदेखत आलापल्लीच्या गाडीतून हमीदभाईची लेक शबाना उतरली. पोट दिसत होतं. हमीदभाईनं तिला हात धरून उतरवलं नाही, जवळजवळ उचलून घेतलं. आलापल्लीला तिचं सासर, नवरा सागवानाच्या डेपोजवळ दुकान चालवायचा. पहिल्या खेपेला तिकडेच राहिली. सातव्या महिन्यात हिवताप आला, थंडी वाजून दात वाजायला लागले, आणि तापाबरोबर पोटातलं पोर गेलं. हमीदभाई तेव्हा आलापल्लीहून परत आला तो महिनाभर हातोडा न उचलता बसला. आमच्या गल्लीला ठण ठण नसली की झोप लागायची नाही, हे तेव्हा कळलं.

म्हणून या वेळी त्यानं ठरवलं होतं. तो मला म्हणाला, "गजूभाऊ, पोरीले मी इथी आनलं. इथी सडक हाये, दवाखाना हाये, जंगल नाई. यावेळी काई होऊ देनार नाई मी."

"होतच नाई," मी म्हटलं. "इथी डासच नाई त होईन काय?"

त्यानं शबानासाठी खास कूलर केला. जाड पत्रा, रुंद टाकी, कडा अशा दुमडलेल्या की बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरवल्यासारखं वाटावं. आतल्या खोलीत, खिडकीपाशी तो ठेवला. मधेच पावसानं दडी मारली की उकाडा असा यायचा की शबाना कूलरच्या पुढ्यात बसायची आणि टाकीला पाय टेकवून टोपडी शिवायची. संध्याकाळ झाली की हमीदभाई स्वतः मच्छरदाणी लावायचा. कडा गादीखाली अशा खोचायचा, की शबाना म्हणायची, "अब्बा, मी आत हाओ का पार्सल हाओ?"

मग मडावी आला.

हा मडावी एटापल्लीच्या पलीकडचा, सूरजागडच्या पायथ्याच्या गावचा गोंड. नोकरी हिवतापाच्या खात्यात, काम डास पकडणं. सकाळी सकाळी, लोक दात घासत असताना, हा खाकी पिशवी अडकवून दारात. मिशी अशी की तिच्यात दोन डास सहज मुक्कामाला राहावेत. हातात काचेची नळी, नळीला रबराचं शेपूट, दुसऱ्या हातात बॅटरी. शेपूट तोंडात धरायचं, नळी भिंतीवरच्या डासाजवळ न्यायची आणि श्वास ओढायचा. सुळ्ळ. डास नळीत. मग तो छोट्या बाटलीत सोडायचा, वर कापसाचा बोळा. शिवाय लांब दांड्याचं एक पांढरं ओगराळं. ते पाण्यात बुडवायचं आणि उजेडाला धरून त्यात टक लावून बघायचं, जसं काही त्यात त्याचं नशीब पोहतंय.

आता तुम्हीच सांगा. सरकार रस्त्यातला खड्डा बुजवायला येत नाही, नळाला पाणी सोडत नाही, आणि भिंतीवरचा डास न्यायला माणूस पाठवतं? आणि तेही तोंडानं ओढून?

गल्लीत चर्चा सुरू झाली आणि चर्चेचा कारखाना, सांगायला नको, माझ्याच ओट्यावर. कुणी म्हणालं, हा डास खातो. नळीत जाळी असते असं तो सांगतो, पण जाळी कुणी पाहिली? कुणी म्हणालं, पोटुशी बाई कुठे आहे ते बघून जातात आणि मग ऑपरेशनला ओढतात. मी म्हटलं, डासाच्या पोटात आपलं रक्त असते, आणि त्या रक्तावरून कोणाच्या घरी मोहाची उतरून राह्यली ते सरकारले समजते. गडचिरोलीत दारू बंद झाली ती अशीच. हे मी हवेत सोडलं होतं, पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीतला, एस.टी.वरचा सदू ड्रायव्हर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडू लागला.

मडावीवर माझा संशय मात्र वेगळ्या कारणानं होता. तो खोटं फार छान बोलायचा. या धंद्यात मी जन्म घालवलेला, मला माल ओळखू येतो.

एकदा मी त्याला डिवचलं. "काय जी मडावीभाऊ, तुमच्याकडले डास आमच्या गाडीनं फुकट येते. जरा आवरा त्यायले."

तो ओट्यावर टेकला. मिशीवरून हात फिरवला. "आमच्याकडले नाई येत जी गाडीनं. आमच्या डोंगरात लोखंड हाये ना, त्यायची सोंड लोखंडाची असते. वजन होते. गाडी घाट चढत नाई."

"असं?"

"हो ना. पावसाळ्यात सोंड गंजते, मंग मानसाले चावत नाई ते. पहिले दगडावर घासून घेते. संध्याकाळी आमच्या गावात गेले तर नुसता कानस फिरवल्याचा आवाज."

मला राग आला होता. हे मला का सुचलं नाही?

आणि असा माणूस जेव्हा गंभीर चेहरा करून सांगायचा की हा जो दिवसा चावणारा डास आहे तो घाणीत होत नाही, स्वच्छ पाण्यात होतो, जंगलातून येत नाही, तुमच्या घरातच जन्मतो आणि हा हिवताप नाही, दुसराच ताप देतो, तेव्हा आम्ही का विश्वास ठेवावा? लोखंडी सोंडेवर ठेवला नाही तर यावर का? डास गटारात होतो हे शाळेतलं पोरही सांगेल. स्वच्छ पाण्यात मासे होतात, देव आंघोळ करतो. डास?

त्यातून तो म्हणायचा, पाणी ओतून टाका, टाकी घासून कोरडी करा. ओतून टाका. नळाखाली अर्धी सकाळ उभं राहून, एकमेकींच्या बादल्या लाथाडून भरलेलं पाणी. आमच्या बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याची काळजी वाटली.

मग गल्लीनं जे केलं ते फक्त आमच्याच गल्लीला सुचावं. मडावी येताना दिसला की पहिल्या घरातून ताटलीवर चमचा वाजायचा. ती खूण. लगेच घराघरांत पाणी लपायचं. ड्रमवर गोधड्या, रांजणापुढे खाट उभी, बादल्या देवघराच्या पडद्यामागे. एका घरात तर भरलेल्या टबावर पाट टाकून आजोबांना बसवलं आणि हातात पोथी दिली. मडावी आला, पाहिलं, कोरडं. गेला. आणि ते पाणी अंधारात, वाऱ्याशिवाय, कुणाचा हात न लागता, आमच्याच पहाऱ्यात सुखानं पडून राहिलं.

हमीदभाईकडे तो आला तेव्हा मी भिंतीला टेकून होतो. योगायोगानं.

"कूलर दाखवा जी चाचा."

"आमच्या इथी कूलर नाई," हमीदभाई म्हणाला.

त्याच्या पाठीमागे दुकानात विक्रीचे कूलर एकावर एक रचलेले. हातात अर्धवट कापलेल्या कूलरचा पत्रा. कपाळावर डाग दिल्याचा काळा ठिपका. मडावीनं हे सगळं सावकाश पाहून घेतलं. "मंग हे काय आंबे हायेत?"

"हे दुकानातले. कोरडे. घरात नाई."

मडावीनं आतल्या खोलीकडे मान लांबवली. पडद्याच्या फटीतून फुलाफुलांची चादर दिसत होती, ओढून घेतलेली. "ते कोन झोपलं?"

"सासू हाये माझी. बिमार."

मडावी त्या चौकोनी खांद्यांच्या सासूकडे थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "जपा जी त्यायले. थेंब थेंब गळून राह्यल्या." आणि गेला.

हमीदभाई माझ्याकडे वळला. हसला नाही. "गजूभाऊ, मले त्या मानसाची नजर सई नाई वाटत. आतमधी पोरगी हाये माझी. तिच्या खोलीत मी कोनाले जाऊ देनार नाई. गेल्या वेळी मी तिथी नोतो. यावेळी हाओ."

त्याच्या आवाजात गंमत नव्हती, आणि गंमत नसलेल्या ठिकाणी मला उभं राहता येत नाही.

त्याच सुमारास सदू ड्रायव्हर तापला. डोळ्यांच्या मागे खिळे ठोकल्यासारखं दुखतं म्हणायचा, हाडं कुणी पिळून काढल्यासारखी, अंगावर लाल पुरळ. नागपूरला न्यावं लागलं. परत आला तेव्हा दोन सदूंचा एक सदू झाला होता आणि पँट सुतळीनं बांधली होती. मी लगेच निकाल दिला, एटापल्लीची गाडी चालवते, तिथूनच आनला. मडावी म्हणाला, "गाडीवर नाई जी. हा सुट्टीवर होता, घरीच झोपून राहे. दिवसा चावलं, इथीच चावलं." गल्लीनं माझं ऐकलं. माझा आवाज मोठा होता.

पण त्या दिवसापासून हवा बदलली. आधी मडावीवर हसत होतो, आता त्याच्याकडे बघून दारं लागू लागली. हा येतो, बाटल्यांत डास घेऊन हिंडतो, आणि गल्लीत ताप येतो. आधी हा आला का ताप आला? कुणीतरी म्हणालं, हा डास नेत नाही, आणून सोडतो. कोण म्हणालं ते आठवत नाही. वाक्य चांगलं जुळलेलं होतं, त्यावरून लोक मलाच धरतात.

पोळा झाला. दुसरी सकाळ मारबतीची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या झाडीपट्टीत पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलायच्या आणि ओरडत गावाबाहेर नेऊन टाकायच्या. घरातली सगळी पिडा मारबतीच्या, म्हणजे गावाबाहेर हाकलायच्या अवदसेच्या, गळ्यात बांधून द्यायची. खासी, खोकला, ढेकूण, डास, रोगराई, घेऊन जाय गे मारबत. पुढचा आवाज माझा असे. मी "डाऽऽस" म्हटलं की, खोटं कशाला सांगू, बल्लारपूरचे डास दचकत. त्या दिवशी तर सदूच्या तापानं सगळी गल्ली चेवात होती. हमीदभाईही दुकानासमोर उभा होता. हा सण त्याचा नव्हे, पण त्या वर्षी पिडा त्याचीही होती. फांद्या उंच करून, ओरडत, चिखल तुडवत आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो.

आणि समोर मडावी. खाकी पिशवी, नळी, बॅटरी.

आम्ही थांबलो. ओरडणं थांबलं. मग कुणीतरी म्हणालं, पिशवी पाहा त्याची. पिशवी ओढली गेली. आत बाटल्याच बाटल्या, कापसाचे बोळे, आणि प्रत्येकीत डास. काही जिवंत. हमीदभाई पुढे आला. एवढ्या वर्षांत मी त्याला कुणाला हात लावताना पाहिलं नव्हतं. त्यानं मडावीची कॉलर धरली.

"सांग. कुठून आनते आन कुठी सोडते? माझ्या पोरीच्या घराभोवती काऊन फिरते तू?"

मी वाट पाहत होतो, आता हा लोखंडी सोंडेचं काहीतरी सांगेल. त्यानं फक्त बाटल्यांकडे पाहिलं, फुटू नयेत म्हणून.

"अब्बा."

शबाना दारात उभी होती. ओढणी डोक्यावर, एक हात पोटावर. दुसऱ्या तळहातावर बशी आणि बशीवर उपडा घातलेला चहाचा ग्लास. ती चिखलातून सावकाश चालत आली, तशी गर्दी आपोआप बाजूला झाली. सातव्या महिन्यातल्या बाईला वाट देताना कुणी विचार करत नाही.

"अब्बा, कॉलर सोडा त्यायची." मग आमच्याकडे, विशेषतः माझ्याकडे वळून म्हणाली, "गजूचाचा, तुमी सकाळपासून कोनाले बोलावून राह्यले? डास घेऊन जा, डास घेऊन जा. हे घेऊन जाऊनच राह्यले ना. त्यायलेच पकडलं तुमी."

माझ्या हातातली पळसाची फांदी एकदम फार मोठी वाटायला लागली. लपवायला जागा नव्हती.

तिनं ग्लास मडावीपुढे धरला. आत एक डास. काळा, पायांवर पांढरे पट्टे, नवीन मोजे घातल्यासारखा. "हा मले काल दुपारी चावला. परवाबी. मच्छरदानी संध्याकाळी लागते, अना हे दिवसा येते. आलापल्लीले असे नोते. कूलरमागून येते हे. मी अब्बाले सांगितलं, अब्बा मनते वहम हाये तुया."

हमीदभाईचा हात कॉलरवरून खाली आला. तो घरात गेला, पडदा ओढला, फुलाफुलांची चादर काढली. आम्ही सगळे खिडकीशी. मडावीनं त्याच्याकडे पाहिलं, जणू आत यायची परवानगी मागत होता, आणि हमीदभाईनं मान हलवली. ओगराळं टाकीत बुडलं. वर आलं ते पांढऱ्या तळावर नाचणाऱ्या काळ्या स्वल्पविरामांनी भरलेलं. वर यायचे, श्वास घ्यायचे, वळवळत खाली जायचे. पाणी इतकं स्वच्छ होतं की प्रत्येक अळीची शेपटी मोजता आली असती.

आलापल्लीच्या जंगलातून पोरीला वाचवून आणलं होतं, आणि तिच्या पायाशी, बापानं स्वतःच्या हातानं लोण्यासारख्या कडा दुमडून केलेल्या टाकीत डास वाढत होते.

त्या दुपारी गल्लीतून जो पूर वाहिला तसा वर्धा नदीलाही कधी आला नसेल. ड्रम, रांजण, बादल्या, आजोबांच्या खालचा टब. सगळं उताणं. शिव्या देत, रडत, पण ओतलं. मडावी घरोघर फिरून सांगत होता, नुसतं ओतू नका, घासा. अंडी पत्र्याले चिकटून राहते, कोरडी पडून राहते, पुढच्या वर्षी पानी लागलं का जिती होते.

मग त्यानं हमीदभाईला बाजूला घेतलं. मी जवळच होतो. योगायोगानं. "चाचा, पानी फेकलं म्हनून चावलेलं परत येत नाई. हा डास तापाचा होता का साधा होता, मले आज सांगता येत नाई. आता पाहाची वाट. ताप आला त घरी ठेवू नका."

पाहाची वाट. त्या दिवसांत आमच्या गल्लीत संशय राहिला तो फक्त एका कपाळावर. बायका साखर मागायला जात आणि येताना शबानाच्या कपाळाला हात लावून येत. माझी बायको दिवसातून कितीदा साखर आणायची, आमच्याकडे वाण्यापेक्षा जास्त साठली. शबाना म्हणाली, "माझं कपाळ झिजून राह्यलं." हमीदभाईचा हातोडा बंद होता.

मडावी रोज यायचा. भिंती न पाहता दुकानाच्या पायरीवर बसायचा, शबाना आतून बोलताना ऐकू आली की उठून जायचा. मी त्याला एकदा विचारलं, "काय म्हनते तुमच्या डोंगरातले डास?" तो म्हणाला, "माईत नाई जी." एवढंच. तेव्हा मला त्याच्यावर पहिल्यांदा विश्वास बसला. खोटं बोलण्यात मुरलेला माणूस गप्प झाला की ओळखावं, आता याच्यापाशी खरं आहे आणि ते जड आहे.

एका दुपारी कपाळ तापलं. हमीदभाई दुकान उघडं टाकून ऑटो आणायला धावला. मी बसस्टँडवर होतो, मला बातमी कळली तेव्हा मी खिडकीतून आलापल्लीच्या गाडीला जिवती म्हणून ओरडलो, आणि लोक चढले सुद्धा. दवाखान्यात मडावी आमच्या आधी पोचला होता. रक्त घेतलं. संध्याकाळी ताप उतरला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला नाही. का आला, का गेला, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. मला अजून वाटतं, तो दारातून डोकावून पाहून गेला.

दसरा झाला, दिवाळी झाली, थंडी पडली, आणि शबानाला मुलगी झाली. आवाज माझ्या तोडीचा. मी हा मान सहसा कुणाला देत नाही.

त्या कूलरचं काय झालं, ते ऐकून आज सकाळची पोरगी मोबाईल खाली ठेवून हसली. होय, मी तिला आत घेतलं. कूलर दाखवला. आधी तिचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं, ते वेगळं. तिनं टाकीत बॅटरी मारली, माझ्याकडे पाहिलं, आणि टाकी ओतायला लावली. मी ओतत होतो, ती दारात उभी राहून ऐकत होती, आणि "काका, हे खरं आहे का?" असं विचारत होती. माझ्यावर संशय घेते. पोरगी कामाची आहे.

तर कूलर. पत्र्याला अंडी चिकटून राहतात, हे ऐकल्यापासून हमीदभाईचा त्या टाकीवर विश्वास उरला नव्हता. त्यानं ती राखेनं घासली, चिंचेनं घासली, उन्हात टाकली, तरी बोट फिरवून वास घ्यायचा. शेवटी एके सकाळी त्यानं ती कापून सुटी केली, भट्टीच्या आचेवर चारी बाजूंनी शेकून काढली, चार कोपऱ्यांना कड्या बसवल्या, आणि आतल्या खोलीत आढ्याला टांगली. पाळणा. कडा त्याच, लोण्यासारख्या. आणि तळाला खिळ्यानं भोकं पाडली, चाळणीसारखी. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "पानी थांबाले नको."

मडावी पोरीला बघायला आला. मिठाई खाल्ली, पोरीच्या मुठीत आपलं बोट दिलं. पण सवय. जाता जाता त्यानं बॅटरी काढली आणि पाळण्याखाली वाकून उजेड मारला. तेवढ्यात भोकांतून धार लागली. त्यानं घाईघाईनं ओगराळं पुढे केलं, उजेडाला धरलं, मिशीवरून हात फिरवत त्यात टक लावून पाहिलं.

"चाचा," तो म्हणाला, "इथी पानी हाये."

हमीदभाईनं पाळण्याला झोका दिला. "हाये," तो म्हणाला. "लिहून घ्या."